डिझेलच्या नळीतली हवा



आळेफाट्याहून नगरच्या वाटेला लागलं की आणे घाट चढावा लागतो, आणि वर येते आणे पठार. रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे आणे गाव साऱ्यांना ठाऊक आहे. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. कुकडीचे कालवे खालच्या शिवारांतून जातात, आणि पाणी काही आपण होऊन घाट चढत नाही. पठारावर पडेल तो पाऊस अडवायचा, हाच इथला मुख्य आधार. आणि तळे गाळाने भरले, तर पाऊस अडवायचा कुठे?

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर माणसांनी टिकाव-घमेली घेऊन तळी आणि बंधारे उभे केले. आता गाळ काढायला चेनवर चालणारे लोडर आणि पोकलेन येतात. (पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव, बरं का! आपण ते त्या साऱ्या जातीलाच देऊन टाकले, डालड्यासारखे.) २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली, तेव्हापासून ही यंत्रे आणखीच ओळखीची झाली. पण हे काम उन्हाळ्यातले. मोठा पाऊस झाला की तळ्याच्या पोटात यंत्र उतरत नाही. मे महिन्यात ते दोन दिवस बंद पडले, तर तेवढा गाळ पुढच्या वर्षावर गेला म्हणून समजा.

आता असे धरून चला की यंत्र चालता चालता अडखळू लागले. बकेट गाळात घातली की इंजिनचा दम जातो, आवाज खालीवर होतो, आणि शेवटी ते गप्प होते. टाकीत डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे. खाली वाकून पाहावे तर डिझेलची नळी चिरलेली. दगड लागला असेल, पत्र्याला घासून झिजली असेल, किंवा यंत्र महिनोन्‌महिने उभे असताना उंदरांनी रबर कुरतडले असेल. नळी बदलली, स्टार्टर मारला, तरी इंजिन सुरू होत नाही. मग आपल्याला वाटते की पंपच गेला! तो बहुधा गेलेला नसतो. इंजिनने हवा धरलेली असते.

हवा धरणे म्हणजे काय, ते गुरुजींनी वर्गात दाखवावे. सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या. तीत पाणी भरून तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या रेटा. तो हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा घ्या. दट्ट्या स्प्रिंगसारखा आत जातो आणि सोडला की मागे येतो. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. आतली हवा दाबून इतकी तापवतात की तीत डिझेलचा बारीक फवारा उडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. पण नोझलमधून फवारा उडण्यासाठी पंपाला प्रचंड दाब द्यावा लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो, आणि नोझल उघडतच नाही.

आणखी एक गंमत आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते. ती चिरली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी वरून कोरडी दिसते आणि आपण फसतो. संशयाच्या जोडावर ग्रीसचा जाड लेप द्यावा. तेवढ्याने इंजिन सुधारले तर चोर सापडला.

दुरुस्तीपूर्वी यंत्र सपाटीवर घ्यावे, बकेट जमिनीला टेकवावी, चेनखाली दगड लावावेत, इंजिन निवू द्यावे, बॅटरीची वायर सोडावी. विडी-काडी लांब. नळीखाली घमेले ठेवा, कारण सांडलेले डिझेल याच तळ्यात राहणार आणि उद्या ते पाणी आपलीच गुरे पिणार. जोड सोडण्याआधी भोवतालची माती पुसून काढा. पंपाच्या आतल्या भागांमधली फट केसाच्या जाडीचा विसावा हिस्सासुद्धा नसते. तिथे मातीचा कण गेला तर शंभर रुपयांची नळी बाजूला राहते आणि खर्च हजारांवर जातो.

रबरी नळी बदलायची तर डिझेलसाठी बनवलेलीच आणा. ठिबकची किंवा पारदर्शक साधी नळी डिझेलने कडक होते नाहीतर फुगते. सायकलची ट्यूब गुंडाळणे हा आपल्याकडचा लाडका उपाय. तो ठिबक थांबवतो, पण हवा थांबवील याचा भरवसा नाही. कमी दाबाची लोखंडी नळी चिरली असेल तर तेवढा तुकडा कापून, कडा घासून, त्यावर डिझेलची रबरी नळी दोन्ही टोकांना क्लिपा आवळून बसवावी. गावाला पोहोचेपर्यंत हे चालते. पंपापासून नोझलकडे जाणारी जाड नळी मात्र जोडू नये, झाळूही नये. ती नवीच घालावी. जोडात तांब्याचे वायसर असतील तर तेही नवे.

आता हवा काढायची. टाकी भरा. फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू थोडा सैल करा आणि हाताचा प्रायमर दाबत राहा. आधी फेस येईल, मग तुटक बुडबुडे, मग एकसंध धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पुढे डिझेल पंपावर असा स्क्रू असेल तर तिथेही हेच करा. घाई करू नका, पाच-दहा मिनिटे दाबावे लागते. मग बॅटरी जोडून स्टार्टर मारा, पण एका वेळी पंधरा-वीस सेकंदच, आणि मध्ये दोन मिनिटे विसावा. नाहीतर स्टार्टरच जळेल.

जुन्या यंत्रांत मिस्त्री नोझलकडचे नट सैल करून हवा काढतात. नव्या कॉमन रेल इंजिनांत तसे मुळीच करू नका. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतो. गळती शोधायला कोणत्याही चालू इंजिनाच्या नळीवरून बोट फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर हळद लावून बसू नका. त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा, आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

इंजिन सुरू झाले की प्रथम थोडे धूर टाकील, अडखळेल, मग आवाज सरळ होईल. दहा मिनिटे ते रिकामेच चालू द्या, मग बकेट गाळात घाला. संध्याकाळी काम थांबल्यावर सोडलेला प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. सकाळी जो ओला दिसेल, तो आणखी थोडा आवळायचा, आणि मग चावी फिरवायची.