भटके इलेक्ट्रॉन, घरकोंबडे इलेक्ट्रॉन

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. इलेक्ट्रॉन सगळे सारखेच, मग काही वीज वाहतात आणि काही अणूला चिकटून का बसतात?

उत्तर दोन गोष्टींच्या ओढाताणीत आहे. शेजारच्या अणूवर उडी मारली की इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी होते, म्हणून त्याला भटकायचं असतं. पण त्या अणूवर आधीच बसलेला इलेक्ट्रॉन त्याला दूर ढकलतो. हे ढकलणं फार जोरदार असेल, तर सगळे जागच्या जागी अडकतात. अशा पदार्थाला मॉट विद्युतरोधक म्हणतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनकडे स्पिन मात्र उरतो, म्हणजे प्रत्येक अणू एक छोटा चुंबक होतो.

आता गंमत बघा. पॅलेडियम, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग आहे, PdCrO₂. त्यात हे दोन्ही प्रकार एकावर एक थरांत रचलेले असतात. पॅलेडियमचा थर उत्तम धातू, त्यात भटके इलेक्ट्रॉन. क्रोमियम-ऑक्सिजनचा थर मॉट विद्युतरोधक, तिथे प्रत्येक क्रोमियमवर तीन घरकोंबडे.

क्रोमियमचे अणू त्रिकोणी जाळीत बसलेत आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करायचं आहे. दोघांत हे जमतं, तिघांत कसं जमणार? शेवटी तडजोड होते: तिन्ही स्पिन एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात. ही शिस्त ३७.५ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २३६ अंश सेल्सिअसला लागते.

पण वीज तर दुसऱ्याच थरातून वाहते, तिला याचं काय? इथेच खरी गोष्ट आहे. स्पिन अस्ताव्यस्त असतात तेव्हा भटके इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपटून विखुरतात. शिस्त लागली की विखुरणं घटतं आणि विद्युतरोधाच्या आलेखात नेमका ३७.५ केल्विनला बाक दिसतो. क्रोमियमच्या जागी चुंबकत्व नसलेला कोबाल्ट असलेलं भावंड संयुग घ्या, तिथे हा बाक नाही. म्हणजे शेजारच्या थरातली बातमी वीज आपल्यापर्यंत आणते.

उलट दिशेनेही हे घडतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रकाशाचा मारा करून इलेक्ट्रॉन बाहेर काढले. क्रोमियमच्या थराकडून आलेल्या संकेतात पॅलेडियमच्या भटक्या इलेक्ट्रॉनची पुसट प्रतिकृती दिसली, तीही चुंबकी रचनेला साजेशी सरकलेली.

तेव्हा लक्षात ठेवा: घरकोंबडे जागचे हलत नाहीत, पण भटक्यांची वाट तेही ठरवतात. साध्या विद्युतरोधाच्या मोजणीतून चुंबकत्व वाचता येतं, ते यामुळेच.