काट्यावर न बसलेली मुले

माझी आई घनसावंगी तालुक्यातील आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. गेल्या संक्रांतीला गावी गेलो, तेव्हा मुलांची वजने घ्यायची होती. टांगलेल्या काट्याच्या झोळीत एकेक मूल बसे आणि सेविकाताई आकडा वहीत लिहीत. काही नावांपुढे मात्र नुसतीच रेघ होती.

"ही मुलं कुठंयत?" मी विचारले.

"उसाला गेलेत ना सगळे. पाडव्याला येतील," आई म्हणाली.

या रेघेचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस शरीराचा व मेंदूचा पाया घालतात. बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, तर वर्षाअखेर तिप्पट व्हावे लागते. वाढ खुंटली की डोळ्यांना कळण्याआधी काट्याला कळते. म्हणूनच २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहार व लसीकरणाबरोबर आरोग्य तपासणीही आली.

मोजमापाने धोरण कसे बदलते, हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यांतील बालमृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली आणि गावातील स्त्रियांना घरीच नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर आला. आपल्या राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनही २००५ मध्ये औरंगाबादेतच, म्हणजे आपल्या शेजारीच, उभे राहिले.

आता साधा हिशेब करा. ऊसतोडीचा हंगाम पाच महिन्यांचा धरला, तरी दोन हंगामांचे तीनशे दिवस होतात. हजारातले जवळजवळ एक तृतीयांश दिवस हे मूल गावच्या वहीबाहेर, कोपीत काढते.

पाडव्याला माणसे परतली. माझ्या चुलतभावाची मुलगी जाताना नऊ महिन्यांची होती, वजन सात किलो शंभर ग्रॅम. चौदाव्या महिन्यात पुन्हा झोळीत बसली, तेव्हाही सात किलो शंभरच! जाताना ती तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात होती, आली ती पिवळ्या पट्ट्यात.

योजना गावाला बांधलेली आहे आणि पोट माणसाला गावाबाहेर नेते. काटा, वही आणि आहार मुलामागे फडावर गेला पाहिजे. जे मूल मोजलेच जात नाही, त्याच्यासाठी धोरण तरी कोण आखणार?