मागचा गिअर बदलताना : गिअरच्या सायकलीचा डिरेलर कसा निवडावा



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर येतो आहे. मुलीसाठी हौसेने गिअरची सायकल घेतली, वर्ष-दीड वर्ष छान चालली, आणि आता मागचा गिअर मोडला म्हणून ती पडवीत उभी आहे. दुरुस्त करावी, की भंगारात द्यावी? दुकानदार सांगतो तेवढा खर्च खरोखर आहे का? म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही या एकाच भागाची माहिती देणार आहोत.

विषय छोटा वाटेल, पण तो मुलींच्या शाळेशी जोडलेला आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा फरक जास्त होता. आपल्या कामथडी-नसरापूरच्या आसपास आणि वर वेल्ह्याच्या बाजूला कितीतरी वाड्यावस्त्यांची शाळा एवढी लांब आहेच. सायकल उभी राहिली, की मुलगी वडाप किंवा एसटीवर अवलंबून राहते. रोजचे भाडे परवडेना झाले, की आधी आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडते, मग दोन दिवस.

आता तो भाग कोणता, ते पाहू. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला दातेरी चकत्यांचा गठ्ठा असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्याच्या खाली दोन छोटी चाके असलेला एक सांगाडा लोंबत असतो. दुकानात त्याला नुसते ‘मागचा गिअर’ म्हणतात, खोक्यावर ‘रिअर डिरेलर’ असे छापलेले असते. त्याची कामे दोन. हँडलवरचे बटण दाबले, की वायर ओढली जाते आणि हा सांगाडा चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. आणि त्यातली स्प्रिंग चेन सैल पडू देत नाही.

नवीन गिअर घेण्याआधी मोडले नेमके काय आहे, ते बघायचे. पुष्कळदा गिअर चांगला असतो आणि दुखणे दुसरीकडेच असते. चार गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

पहिली, वायर. गिअर कितीही बदलला तरी चेन सर्वांत लहान चकतीवरच राहत असेल, तर बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा सैल झालेली असते. आपल्याकडच्या पावसात बाहेरच्या नळीत पाणी जाते, आतली वायर गंजते आणि अडकते. वायर आणि नळी बदलायला गिअरच्या मानाने अगदी थोडा खर्च येतो.

दुसरी, हँगर. सायकलीच्या मागे उकिडवे बसून बघा. गिअरचा सांगाडा चकत्यांच्या सरळ रेषेत उभा लोंबायला हवा. तो आत, आऱ्यांकडे झुकला असेल, तर ज्या पट्टीवर गिअर बसतो ती वाकली आहे. सायकल उजव्या अंगावर पडली, किंवा टेंपोत त्या बाजूवर आडवी टाकली, की असे होते. पट्टी सरळ करता येते किंवा बदलता येते.

तिसरी, ती दोन छोटी चाके. त्यांचे दात झिजून टोकदार झाले असतील किंवा ती गाळाने जाम झाली असतील, तर आधी रॉकेलने धुवा. झिजली असतील, तर नुसती चाकेही मिळतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलातून चाललेल्या सायकलीचे अर्धे दुखणे धुण्यानेच बरे होते.

चौथी, चेन. चेनच्या एका पिनेवर मोजपट्टीचा शून्य ठेवा आणि पुढच्या २४ पिना मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच भरते. अर्धा सूत जास्त भरले, तर चेन बदलायची. पुरता एक सूत जास्त असेल, तर फ्रीव्हीलही झिजलेले असते. अशा वेळी नवीन गिअर लावूनही चेन उड्या मारणारच.

या चारही गोष्टी ठीक आहेत, पण सांगाडा तुटला किंवा पिळला आहे, स्प्रिंग गेली आहे, किंवा खालचे टोक धरून हलवले तर सगळे सांधे खडखड करतात, असे असेल तर गिअर बदलायलाच हवा.

आता निवड. एक गोष्ट आधी सांगतो : यासाठी महागडा गिअर लागत नाही. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या सांध्याचा गिअर काढला. त्यामुळे वरचे छोटे चाक प्रत्येक चकतीच्या जवळ राहू लागले आणि चेन पटकन सरकू लागली. त्याचे पेटंट १९८४ च्या सुमारास संपले, आणि इतर कंपन्यांनी तीच रचना उचलली. त्याच वर्षी शिमानो कंपनीने एका टिचकीला एक गिअर बदलणारी पद्धत आपल्या सर्वांत महाग सामानात आणली. आज या दोन्ही गोष्टी साध्यातल्या साध्या गिअरमध्ये असतात. जास्त पैसे दिले, की वजन कमी होते, सांधे अधिक टिकाऊ मिळतात, मागच्या चकत्या वाढतात. शाळेच्या सायकलीला त्याची गरज नाही. तिला हवा तो मापात बसणारा गिअर, आणि माप चार ठिकाणी बघायचे.

एक : गिअर बसतो कुठे? साध्या लोखंडी सायकलीत गिअरलाच एक पट्टी जोडलेली असते आणि ती मागच्या चाकाच्या नटाखाली धरलेली असते. दुसऱ्या प्रकारात फ्रेमलाच खाली आटे पाडलेले भोक असते आणि गिअर त्यात थेट बोल्टने बसतो. दोन्ही प्रकारचे गिअर बाजारात मिळतात, म्हणून आपला कोणता हे सांगावे लागते. ॲल्युमिनियमच्या सायकलीत ही पट्टी वेगळी, बारीक स्क्रूने बसवलेली असते. ती वाकली असेल, तर जुनी काढून सोबत न्या, कारण तिचे आकार अनेक असतात.

दोन : मागे किती चकत्या आहेत? सहा किंवा सात असतील, तर शिमानोचा सहा, सात किंवा आठ चकत्यांसाठीचा कोणताही साधा डोंगरी सायकलीचा गिअर चालतो. वायर प्रत्येक वेळी किती ओढायची हे हँडलवरचे बटण ठरवते, गिअर नुसता तेवढा सरकतो. म्हणून बटण चांगले असेल, तर ते बदलायचे कारण नाही. मात्र दहा किंवा जास्त चकत्यांसाठीचा गिअर घेऊ नका, त्याचे ओढीचे माप वेगळे असते. हँडलवरचे बटण दुसऱ्या कंपनीचे असेल, तर दुकानातच बसवून सगळे गिअर टाकून बघा, मगच पैसे द्या.

तीन : सर्वांत मोठ्या चकतीला दात किती? खडूने एका दातावर खूण करा आणि मोजा. बहुतेक सायकलींना २८ दात असतात, काहींना चढासाठी ३४. गिअरवर लिहिलेला कमाल आकडा तुमच्या मोठ्या चकतीइतका किंवा त्याहून जास्त हवा. २८ दातांसाठीचा गिअर ३४ च्या चकतीला लावला, तर तो चकतीलाच घासतो.

चार : चेनची ढील. ही बेरीज मुलीकडून करून घ्या. पायडलजवळची मोठी चकती वजा लहान चकती, आणि मागची मोठी वजा लहान. समजा पुढे ४२ आणि २४, म्हणजे फरक १८. मागे २८ आणि १४, म्हणजे १४. बेरीज ३२. मागे ३४ ची चकती असेल, तर फरक २० आणि बेरीज ३८. गिअरची क्षमता या बेरजेइतकी किंवा त्याहून जास्त हवी. क्षमता जास्त, म्हणजे सांगाडा लांब. उदाहरण द्यायचे, तर शिमानोच्या टुर्नी या सर्वांत साध्या मालिकेतला टीवाय ३०० हा लांब सांगाड्याचा गिअर ३४ दात आणि ४३ ची क्षमता पेलतो, आणि तो दोन्ही प्रकारच्या जोडणीत येतो. शाळेच्या बहुतेक सायकलींना तो पुरतो. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तरी हेच दोन आकडे विचारा.

आमच्या ओळखीच्या एका घरी दुकानदाराने पूर्ण सेट, म्हणजे बटणे, पुढचा गिअर, मागचा गिअर, फ्रीव्हील आणि चेन, सगळे बदलायला सांगितले होते. ताईंनी दुसरीकडे दाखवले, तेव्हा पट्टी वाकलेली आणि वायर गंजलेली निघाली. दुकानदार फसवतोच असे नाही. सगळे एकदम बदलणे त्याला सोपे जाते. पण आपण कागदावर आकडे लिहून नेले, की बोलणे त्या आकड्यांवर येते.

गिअर बसवल्यावर दुकानातून निघण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. गिअरवर दोन बारीक स्क्रू असतात, त्यांच्याजवळ इंग्रजी एच आणि एल ही अक्षरे असतात. एलचा स्क्रू सैल राहिला, तर चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊन आऱ्यांत अडकते. तेव्हा नवा गिअर मोडतो, आणि चाक जागेवर अडकल्याने मुलगी पडते. सायकल उलटी करून किंवा मागचे चाक उचलून, पायडल फिरवत सर्वांत मोठ्या चकतीवर चेन न्या. तिथून पुढे ती सरकायला नको. मग मुलीला एका छोट्या चढावर चालवून पाहू द्या.

ज्यांचा रस्ता सपाट आहे, त्यांना आणखी एक मार्ग आहे. गिअर काढून मागे एकच चकती लावता येते. मागच्या चाकाची खाच आडवी असेल, तर चाक मागे ओढून चेन ताणता येते आणि हे काम स्वस्तात होते. खाच उभी असेल, तर चेन ताणायला वेगळा भाग लागतो. पण रोज चढ असलेल्या वस्तीवरच्या मुलीची सायकल अशी करू नका. चढाला ती हातात धरून चालत जावी लागेल, आणि मग पुन्हा पडवीत उभी राहील.

पैशाचे म्हणाल, तर साधा मागचा गिअर सहसा काही शे रुपयांत, फार तर हजाराच्या आसपास मिळतो. एवढ्यासाठी बाहेरून उसने घ्यायची गरज नाही. गटाच्या अंतर्गत कर्जातून ही रक्कम देता येते आणि दोन-तीन हप्त्यांत फिटते. बैठकीत हा विषय मांडायला संकोच करू नका. शेळी आजारी पडली तर आपण कर्ज देतो, तसेच हे.

दुकानात जाताना कागदावर एवढे लिहून न्या :
गिअर नटाखालच्या पट्टीवर बसतो की फ्रेमच्या भोकात;
मागे किती चकत्या आहेत;
मागच्या मोठ्या आणि लहान चकतीचे दात;
पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीचे दात;
दोन्ही फरकांची बेरीज;
हँडलवरच्या बटणावर लिहिलेले कंपनीचे नाव.

शक्य असेल, तर जुना गिअरही पिशवीत टाका. आणि सायकल टेंपोत घालून न्यायची असेल, तर डाव्या अंगावर आडवी ठेवायला सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या वाडीत किती सायकली उभ्या आहेत आणि कशामुळे, याची यादी आणावी. तीन-चार सायकलींचे सामान एकदम घेतले, तर जाण्यायेण्याचे भाडे वाचेल आणि भावही नीट विचारता येईल.