पोंभुर्ण्याचा रफार आणि अ‍ॅपमधला छुपा ब्राउझर

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा या तालुक्याचे नाव संगणकावर नीट उमटते, यात नवल ते काय, असे आपल्याला वाटेल. पण संगणकात हे नाव प, ओकार, अनुस्वार, भ, उकार, र, हलन्त, ण आणि काना अशा नऊ युनिकोड चिन्हांच्या ओळीने साठवलेले असते. त्यात रफार कुठेच नाही. 'र' आणि हलन्तानंतर 'ण' आला की रफार तयार करून तो 'णा'च्या डोक्यावर बसवणे, हे काम वेबपानावर ब्राउझरचे इंजिन करते.

इंजिन म्हणजे काय?

वेबपान म्हणजे मजकूर आणि सूचना. त्या वाचून पडद्यावर पान मांडतो तो भाग म्हणजे इंजिन. आज प्रमुख इंजिने तीन: क्रोम व एजमधील ब्लिंक, फायरफॉक्समधील गेको आणि सफारीतील वेबकिट. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटपासूनच वेगळे झाले. क्रोम आणि फायरफॉक्स जोडाक्षरांसाठी 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली वापरतात. तिच्या नावातला 'हर्फ' म्हणजे अक्षर.

प्रत्येक अ‍ॅपचे वेगळे बिऱ्हाड

इंजिन फक्त ब्राउझरमध्येच असते असे नाही. संगणकावरची अनेक अ‍ॅप आतून वेबपानेच असतात. 'इलेक्ट्रॉन' या चौकटीत बनवलेले अ‍ॅप क्रोमचा मुक्त गाभा, म्हणजे क्रोमियम, सोबतच घेऊन येते. एकदा लिहिलेले अ‍ॅप विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. मराठीही ब्राउझरसारखीच दिसते. मात्र अशी पाच अ‍ॅप असली, की पाच क्रोमियम जागा अडवतात. कमी रॅमचा संगणक मग रेंगाळतो. मायक्रोसॉफ्टच्या 'वेबव्ह्यू-२'मध्ये विंडोजवरील अनेक अ‍ॅप मिळून एकच इंजिन वापरू शकतात आणि ते परस्पर अद्ययावत होते.

खरा धोका

सप्टेंबर २०२३ मध्ये 'वेबपी' प्रकारची चित्रे उघडणाऱ्या प्रणालीत गंभीर त्रुटी सापडली. घातक चित्रातून संगणकात शिरकाव शक्य होता. क्रोमची दुरुस्ती लगेच आली. पण क्रोम अद्ययावत केल्याने इलेक्ट्रॉन अ‍ॅपमधले क्रोमियम दुरुस्त होत नाही. त्यासाठी प्रत्येक अ‍ॅपची नवी आवृत्ती घ्यावी लागली.

जुन्या संगणकांचा प्रश्न आणखी बिकट आहे. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, तर इलेक्ट्रॉनची २२. नव्या आवृत्त्या तिथे चालत नाहीत. संगणक सुरू होतो, अक्षरेही सुबक दिसतात, पण नव्या त्रुटींपासून संरक्षण मिळत नाही. बँकेचे व्यवहार किंवा दाखल्यांची कामे अशा संगणकावर करणे टाळावे.

काय करावे?

• ब्राउझरइतकीच इतर अ‍ॅपही अद्ययावत ठेवा.
• न लागणारी अ‍ॅप काढून टाका. जागा वाचते आणि धोकाही घटतो.
• संगणक मंद झाला, तर नवा घेण्याआधी 'टास्क मॅनेजर'मध्ये कोणते अ‍ॅप किती मेमरी खाते ते पाहा.
• अ‍ॅपमध्ये रफार किंवा जोडाक्षरे तुटत असतील, तर तोच मजकूर अद्ययावत ब्राउझरमध्ये उघडा. तिथे तो नीट दिसला, तर दोष बहुधा तुमच्या टंकलेखनात नसून अ‍ॅपमध्ये आहे.