चेंडूच्या उंचीचा माणूस

एक छायाचित्र पुष्कळांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. वॉशिंग्टन बुलेट्स या बास्केटबॉल संघाच्या पोशाखात दोन खेळाडू शेजारी उभे आहेत. एक सुदानचा मनूट बोल, उंची ७ फूट ७ इंच. दुसरा मग्सी बोग्ज, ५ फूट ३ इंच. दोघांत २ फूट ४ इंचांचं अंतर. १९८७-८८च्या हंगामात ते एकाच संघात खेळले आणि हे छायाचित्र जगभर फिरलं. बघणारा हसतो आणि पुढे जातो. आपल्याकडे तर ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण तयारच असते, ती चिकटवली की विषय संपला.

पण ही म्हण या माणसावर थोडा अन्यायच करते. उंची कमी *असूनही* तो मोठा झाला, असं त्यातून ध्वनित होतं. बोग्जचा खेळ नीट पाहिला तर लक्षात येतं, की त्या ‘असूनही’मध्ये फार तर अर्धं सत्य आहे.

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते म्हणून आपण या खेळाला उंचांचा खेळ समजतो. आमच्या शाळेतही पीटीचे सर उंचीप्रमाणे रांग लावायचे. मागची पोरं बास्केटबॉलला, पुढची बुटबैंगणं खो-खोला. मी पुढच्यांत होतो, त्यामुळे हा मुद्दा मला जरा लागतो! पण चेंडू त्या १० फुटांवर असतो किती वेळ? शॉट घेतल्यावर जेमतेम एखाद-दोन सेकंद. एरवी तो माणसाच्या हातात असतो, नाहीतर हात आणि जमीन यांच्यामध्ये उसळत असतो. हात आणि जमीन यांच्यामध्ये असतो तेव्हा तो कुणाचाच नसतो. साडेसहा फुटांचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, ड्रिबल करतो तेव्हा त्याच्या कमरेपासून जमिनीपर्यंत आणि परत वर, एवढा सगळा प्रवास चेंडू बेवारशासारखा करतो. बोग्ज त्या प्रवासाच्या वाटेवरच उभा असायचा. वाकायची गरज नाही, हात नुसता पुढे घातला की झालं. उलट त्याचं स्वतःचं ड्रिबल इतकं बुटकं, की ते हिसकायला समोरच्याला पार दुमडून खाली यावं लागे, आणि तो खाली येईपर्यंत हा बाजूने निघून गेलेला असे. कबड्डी पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोपऱ्यातला लहानखुरा गडी चढाईपटूचा घोटा धरतो, तेव्हा वरचा सगळा धिप्पाडपणा कुठे उपयोगी पडतो?

टायरोन कर्टिस बोग्जचा जन्म ९ जानेवारी १९६५चा, बाल्टिमोर शहरातला. लाफायेट कोर्ट्स या सरकारी घरांच्या वस्तीत तो वाढला. तिथले उंच मनोरे १९९५मध्ये पाडून टाकण्यात आले. पाच वर्षांचा असताना वस्तीत झालेल्या गोळीबारात त्याच्या हातापायांत छर्रे घुसले. तो बारा वर्षांचा असताना वडील सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. मैदानावर मोठी पोरं खेळायला घेत नसत, म्हणून दुधाच्या बाटल्यांचे क्रेट तळ कापून कुंपणाला टांगायचे आणि त्यांचीच रिंग करायची. ‘मग्सी’ हे नावही वस्तीतलंच. इंग्रजीत ‘मगिंग’ म्हणजे रस्त्यात अडवून लुबाडणं, आणि हा पोरगा समोरच्याचा चेंडू तसाच लुबाडायचा.

त्याची डनबार हायस्कूल ही शाळा पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीच्या नावाची, म्हणून शाळेच्या संघाचं नाव ‘पोएट्स’. या ‘कवीं’चे प्रशिक्षक बॉब वेड मात्र पोरांच्या हातात विटा देऊन सराव करून घेत. न्यू जर्सीतल्या कॅम्डनच्या संघाशी डनबारची गाठ पडली तेव्हा बोग्ज मैदानात उतरताच प्रेक्षागृहात हशा पिकला. कॅम्डनचा गार्ड चेंडू घेऊन अर्ध्या मैदानापर्यंत येईना, तसा तो हशा विरत गेला. डनबारने तो सामना मोठ्या फरकाने जिंकला. १९८१-८२च्या हंगामात त्यांनी २९ पैकी २९ सामने जिंकले, पुढच्या वर्षी ३१ पैकी ३१. त्याच संघात रेजी विल्यम्स होता, आणि सहावा खेळाडू म्हणून बाकावरून उठून येणारा रेजी लुइसही. १९८७मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिल्याच फेरीत या तिघांची नावं पुकारली गेली : विल्यम्स चौथा, बोग्ज बारावा, लुइस बाविसावा. एका शाळेच्या एका संघातून तिघे!

दरम्यान वेक फॉरेस्ट विद्यापीठात बोग्जची चार वर्षं झाली होती. १९८६मध्ये स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात तो होता. युगोस्लाव्हियाचा द्राझेन पेत्रोविच तेव्हा भल्याभल्यांना आवरत नसे. त्याच्यामागे लागण्याचं काम बोग्जकडे आलं. स्पॅनिश प्रेक्षकांनी बोग्जचं नाव ठेवलं ‘काळी ठिणगी’.

तरीही वॉशिंग्टनने त्याला एका वर्षात सोडलं. १९८८मध्ये शार्लट हॉर्नेट्स हा नवा संघ उभा राहत होता. जुन्या संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून निवड करायची होती, त्यात बोग्ज त्यांच्याकडे गेला. नवा कोरा संघ आणि दुसऱ्यांनी नाकारलेली माणसं. तिथे तो दहा हंगाम राहिला. हॉर्नेट्ससाठी त्याने ५,५५७ असिस्ट दिले आणि १,०६७ वेळा चेंडू हिसकावला. त्या संघाचे हे दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

असिस्ट म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते तो पास. चौदा हंगामांत, ८८९ सामन्यांत त्याचे ६,७२६ असिस्ट झाले. त्याच काळात त्याच्या हातून चेंडू गेला तो दीड हजारापेक्षा कमी वेळा. दर सामन्यात सरासरी ७.७ गुण, ७.६ असिस्ट. गुणांचा आकडा साधाच आहे आणि ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड कधीच झाली नाही. पण पास देणाऱ्याचा कस गुणांत लागत नाही. माझ्या मते चेंडू न गमावता असिस्ट देण्याची ही हातोटी त्याच्या उंचीपेक्षा जास्त आश्चर्याची आहे. गंमत म्हणजे तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

याचा अर्थ उंचीने त्याला त्रास दिलाच नाही, असा नाही. उंच गार्ड त्याला पाठीवर घेऊन रिंगजवळ सरकत आणि त्याच्या डोक्यावरून निवांत शॉट घेत. त्यावर त्याचा उपाय एकच होता : त्यांना तिथवर पोचूच द्यायचं नाही, संपूर्ण ९४ फूट मैदानभर पिच्छा पुरवायचा. या उपायात गुडघे झिजतात. १९९५-९६च्या हंगामात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो जेमतेम सहा सामने खेळला. मायकेल जॉर्डनच्या एका शिवराळ टोमण्याने त्याची कारकीर्द संपवली, अशी एक कथा फिरते. बोग्जने स्वतः ती खोडून काढली आहे. कथा चटकदार असल्याने ती काही थांबत नाही.

१९९३ साली हॉर्नेट्स पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. समोर बॉस्टन सेल्टिक्स, आणि सेल्टिक्सचा कर्णधार रेजी लुइस, डनबारचा तोच सहावा गडी. २९ एप्रिलला पहिल्या सामन्यात धावता धावता लुइस मैदानावर कोसळला. विटा हातात घेऊन ज्याच्याबरोबर पळलो, तो मित्र समोर फरशीवर पडलेला आणि आपण प्रतिस्पर्ध्याच्या पोशाखात. शार्लटने ती मालिका ३-१ जिंकली. लुइस २७ जुलैला सराव करताना पुन्हा कोसळला आणि गेला. वय २७. हृदयाचा विकार.

१९९७मध्ये शार्लटने बोग्जला गोल्डन स्टेटकडे धाडलं, तिथून तो टोरांटोला गेला, आणि २००१मध्ये थांबला. त्याने शार्लट सोडण्याआधीच ‘स्पेस जॅम’ सिनेमा येऊन गेला होता. त्यात राक्षस पाच खेळाडूंचं कसब चोरतात. त्या पाचांत हा आहे आणि न्यूयॉर्कचा सात फुटी पॅट्रिक युइंगही आहे. या दोघांची एक जुनी गाठही सांगायला हवी.

१४ एप्रिल १९९०चा सामना. रिंगखाली युइंगच्या हातात चेंडू. तिथून तो वर गेला की संपलं, मग तिथे कुणाचाच हात पोचणार नाही. पण वर नेण्याआधी युइंगने चेंडू मागे, खाली घेतला. तिथे बोग्ज उभा होता. बोग्जच्या अख्ख्या कारकिर्दीत ३९ ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, नोंदले गेले आहेत, त्यांतला हा एक.