सल्ला न देण्याचं शिक्षण

कुणी अडचण सांगायला लागलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा निघतो तो सल्ला. ‘तू असं कर.’ ही ऊर्मी आवरायला शिकवणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, हे मला आजही थक्क करतं. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी, मुलं फील्डवर्कला जातात आणि परतल्यावर झालेलं संभाषण आठवून लिहून काढतात. समोरचा काय बोलला, आपण काय बोललो, त्या क्षणी आपल्या मनात काय आलं, सगळं. मग त्या कागदावर बोट ठेवून सुपरवायझर विचारतात, इथे तुम्ही मध्येच का बोललात?

दयेलाही शिस्त लागते, हे आधी कुणाला तरी सुचावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सुखवस्तू घरांतल्या बायका गरिबांच्या घरी भेटी देत आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून येत. गरिबी हा स्वभावाचाच दोष, असं तेव्हा अनेकांना वाटे. बाल्टिमोरमध्ये अशा भेटी घडवणाऱ्या एका संस्थेत हिशेबाच्या कामाला लागलेल्या मेरी रिचमंडने या कामासाठी रीतसर प्रशिक्षण हवं असा आग्रह धरला आणि 1917मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. मत बनवण्याआधी पुरावे गोळा करा, घर, शेजार, शाळा, कारखाना, दवाखाना सगळीकडे विचारा, हे त्याचं सांगणं.

भारतात हे शिक्षण 1936मध्ये सुरू झालं, तेही मुंबईच्या नागपाड्यात, कामगारवस्तीच्या ऐन मध्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथे आधीपासून नेबरहूड हाउस चालवत होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून त्यांनी उभारलेली ती शाळा म्हणजे आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अर्थात टिस. दहा वर्षांनी, 1946मध्ये, जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. बहुतेक रुग्णांना हे पद असतं हेच ठाऊक नसतं.

या माणसाचं काम नेमकं काय? समजा, बीडकडचा एक ऊसतोड कामगार वॉर्डात आहे. मधुमेहामुळे पायाला गँगरीन झालंय, पाय कापावा लागणार, आणि तो सही करत नाही. घाबरलाय किंवा अडाणी आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं. समाजकार्यकर्ती खाटेशेजारी बसते आणि घरचं विचारते. हळूहळू कळतं की त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलीय. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हा बसला की बायकोचंही काम जाणार आणि उचल अंगावर राहणार. त्याचा नकार हा पुरता विचार केलेला हिशेब होता!

आता तिच्या भूमिका भराभर बदलतात. गावी राहिलेलं रेशनकार्ड मागवून जनआरोग्य योजनेची कागदपत्रं पुरी करायची. दिव्यांग प्रमाणपत्र, जयपूर फूट यांची माहिती द्यायची. बायकोशी वेगळं बोलायचं. त्याची इच्छा असेल तर मुकादमाशीही. शस्त्रक्रिया टाळली तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांकडून त्याला समजेल अशा भाषेत वदवून घ्यायचं. एवढं सगळं करून सही करायची की नाही, हे त्याच्यावर सोडायचं. मला या व्यवसायातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर तत्त्व हेच वाटतं. फादर फेलिक्स बीस्टेक यांनी 1957मध्ये मांडलेल्या सात तत्त्वांत ते आहे: स्वनिर्णयाचा हक्क. माणसाला आहे तसा स्वीकारणं, त्याचा न्यायनिवाडा न करणं, आपल्या भावनांना लगाम घालणं, ही त्याचीच भावंडं.

गोपनीयताही त्या सातांत येते, पण तिला कुंपण आहे. 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवावीच लागते. ‘कुणाला सांगू नका ना ताई’ म्हणणाऱ्या मुलीसमोर बसलेल्या कार्यकर्तीला तिचा विश्वास आणि कायदा दोन्ही सांभाळायचे असतात. म्हणूनच, कोणती गोष्ट मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, हे बोलणं सुरू होतानाच सांगायला तिला शिकवलेलं असतं.

आणि एकाच माणसापाशी थांबून भागत नाही. पुढच्या खाटेवरचाही उचलीतच अडकलेला निघाला, तर प्रश्न वॉर्डाबाहेरचा असतो, आणि तिथे आवाज उठवणं हाही तिच्या कामाचाच भाग. सामाजिक न्याय हे या व्यवसायाच्या गाभ्यातलं मूल्य आहे. टिसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत, तेव्हा ही मुलं त्यांना रात्री-अपरात्री फोन करत. एखादं आजारी पडलेलं, एखाद्याला मार बसलेला. एकट्या बाईने उचलायचे हे फोन नव्हेत, यासाठी यंत्रणाच हवी, हे त्यातून कळत गेलं आणि 1996मध्ये चाइल्डलाइनचा 1098 हा मोफत क्रमांक सुरू झाला. दहा, नऊ, आठ. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ होईल असा. पुढे तो देशभर पसरला आणि 2015च्या बाल न्याय कायद्याने चाइल्डलाइन सेवेला आपल्या व्याख्यांमध्ये जागा दिली.