नळाच्या पाण्याची राखण

मोठ्या शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा धरणांच्या आणि जलशुद्धीकरण केंद्रांच्या अनुषंगाने लिहिला जातो; कारण धरण डोळ्यांत भरते, त्याच्या कामाला आरंभ आणि समाप्ती असते आणि त्याच्या खर्चाची व क्षमतेची आकडेवारी सहज मांडता येते. वितरण व्यवस्था, म्हणजे शुद्ध केलेले पाणी सेवा जलाशयापासून घराघरापर्यंत पोहोचवणारे जमिनीखालचे नळांचे जाळे, मात्र कधीच पूर्ण होत नाही. ते रोज कुठे जोडले जाते, कुठे तोडले जाते, कुठे गंजते आणि कुठे फुटते. या जाळ्यातील दाब मोजणारा, गळती शोधणारा, पाण्याचे नमुने घेणारा आणि जोडण्या तपासणारा कर्मचारी कोठे पाणी निरीक्षक, कोठे कनिष्ठ अभियंता, कोठे फिटर, तर कोठे चावीवाला म्हणून ओळखला जातो. पदनाम कोणतेही असले, तरी कामाचे मर्म एकच आहे. पाणी केंद्रात शुद्ध होते, परंतु ते शुद्ध राहते की नाही याचा निकाल रस्त्याखाली लागतो, आणि जेथे नळाला दिवसातून काही तासच पाणी येते, तेथे ही राखण अधिक अवघड आणि अधिक मोलाची होते.

महाराष्ट्रातील जुन्या जलव्यवस्थांत पाहणीची सोय बांधकामातच केलेली असे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पेशवाईत आणलेल्या दगडी नहरीवर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारे आणि आत उतरून गाळ काढण्यास उपयोगी पडणारे बांधीव हौद, उभारलेले होते. त्या नहरीतील पाणी उताराने, दाबाशिवाय वाहत असल्यामुळे तिची पाहणी माणसाला प्रत्यक्ष डोळ्यांनी करता येई. एकोणिसाव्या शतकात लोखंडी नळातून दाबाखाली पाणी नेण्याचे तंत्र आले, तेव्हा उंचावरच्या वस्तीलाही पाणी मिळू लागले. पण नळ बंदिस्त झाला आणि निरीक्षकाला आतले पाणी दिसेनासे झाले. तेव्हापासून त्याला दाब, आवाज, चव, वास आणि रासायनिक चाचणीत उमटणारा रंग अशा अप्रत्यक्ष खुणांवरूनच नळातील स्थितीचे अनुमान करावे लागते. हे अनुमानशास्त्र हेच त्याचे कसब होय.

मुंबईची व्यवस्था या कसबाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहराला मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा हे तलाव पूर्ण झाले. पुढे अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा यांची भर पडून तलावांची संख्या सात झाली. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करून येणारे पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होते. वैतरणा आणि तानसा यांचे पाणी प्रामुख्याने गुरुत्वाकर्षणाने येते, तर भातसाचे पाणी पिसे येथे उपसावे लागते. शहराला रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर, म्हणजे चारशे कोटी लिटर पाणी पुरवले जाते. ते मलबार टेकडी आणि माझगावचा भंडारवाडा यांसारख्या उंच ठिकाणच्या सेवा जलाशयांत साठवून तेथून वस्त्यांकडे सोडले जाते. मलबार टेकडीवरच्या फिरोजशाह मेहता उद्यानात फिरणाऱ्या माणसाच्या पायाखाली असाच एक जलाशय आहे.

हे पाणी सर्व भागांना एकाच वेळी सोडले जात नाही. शहराचे अनेक जलवितरण परिमंडळांत विभाजन केलेले असून प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, आणि एका परिमंडळाची झडप बंद करून दुसऱ्याची उघडण्याचे काम चावीवाला करतो. रस्त्यातील चेंबरचे झाकण काढून, टी अक्षराच्या आकाराची लांब लोखंडी चावी झडपेच्या दांड्यावर बसवून, तो आटे मोजत ती फिरवतो. किती आटे उघडले म्हणजे टेकडीच्या टोकावरील चाळीला पाणी चढेल आणि तरीही खालच्या वस्तीचा दाब टिकेल, याची जाण नकाशापेक्षा अनुभवातून अधिक येते. झडप घाईने बंद केल्यास वेगात असलेले पाणी एकाएकी अडते आणि त्यातून उसळणाऱ्या दाबाच्या लाटेने, ज्याला जलाघात म्हणतात, जुने सांधे निखळू शकतात. म्हणून सावकाश फिरवणे हा या कामाचा पहिला नियम आहे. निरीक्षकाचे निदान बऱ्याचदा चावीवाल्याच्या माहितीवरच उभे राहते, कारण कोणत्या झडपेचा दांडा झिजला आहे, कोणती पूर्ण बंद होत नाही आणि कोणते चेंबर पावसाळ्यात गढूळ पाण्याने भरते, हे तोच जाणतो.

ठरावीक वेळेच्या पुरवठ्यातील मूळ धोका दाबाच्या साध्या नियमातून उद्भवतो. नळातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असेल, तोवर नळाला पडलेल्या छिद्रातून पाणी बाहेर जाते आणि नुकसान पाणी वाया जाण्यापुरतेच राहते. पुरवठ्याची वेळ संपून नळ रिकामा होऊ लागला, की आतला दाब उतरतो, काही वेळा तो वातावरणाच्या दाबाहूनही खाली जातो, आणि तेव्हा त्याच छिद्रातून भोवतालच्या मातीतले पाणी आत ओढले जाते. त्या मातीत जवळच्या मलवाहिनीची झिरप असेल, तर केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी दूषित होते. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू होताना नळात साचलेला हा भाग सर्वांत आधी घरात शिरतो. पाण्याची वेळ सुरू होताच येणारे पहिले पाणी काही मिनिटे वाहू देण्याची अनेक घरांतील सवय या कारणामुळे शास्त्राला धरून आहे. गळती आणि दूषितीकरण या दोन निराळ्या तक्रारी नसून एकाच छिद्राच्या दोन वेळच्या दोन अवस्था आहेत, हे निरीक्षकाला पक्के ठाऊक असावे लागते.

दूषित पाण्याची तक्रार आल्यावर होणारा तपास रोगनिदानासारखा क्रमाक्रमाने चालतो. तक्रार एका घरची आहे की संपूर्ण गल्लीची, हे प्रथम पाहिले जाते. एकाच इमारतीची असेल, तर संशय तिच्या भूमिगत टाकीवर किंवा जोडनळीवर जातो. ओळीने अनेक घरांची असेल, तर मुख्य नळावर. पाणी फक्त सुरुवातीला घाण येते की शेवटपर्यंत, यावरूनही दोष किती मोठा आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर जोडण्या एकेक करून बंद केल्या जातात, संशयित ठिकाणी खड्डा घेऊन नळ उघडा केला जातो, आणि आवश्यक तेथे नळात कॅमेरा सोडला जातो. दाट वस्त्यांत मुख्य नळापासून घरापर्यंत येणाऱ्या बारीक लोखंडी जोडनळ्या जागेअभावी गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेल्या असतात, त्या बाहेरून गंजतात, आणि शोध पुष्कळदा तेथेच संपतो.

पाण्याच्या गुणवत्तेची दैनंदिन कसोटी क्लोरीनवर अवलंबून असते. केंद्रात मिसळलेल्या क्लोरीनपैकी काही भाग जंतू आणि सेंद्रिय द्रव्ये नष्ट करण्यात खर्ची पडतो. उरलेल्या भागाला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात, आणि नळातल्या प्रवासात पाण्याचे रक्षण तोच करतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, ग्राहकाकडे पोहोचलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. महाराष्ट्रात ओटी या आद्याक्षरांनी परिचित असलेल्या चाचणीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळी छटा येते. हे रसायन आरोग्यास घातक असल्यामुळे गुलाबी छटा देणाऱ्या डीपीडी चाचणीकडे कल वाढला आहे. एखाद्या ठिकाणी रंग उमटलाच नाही, तर क्लोरीन कशावर तरी खर्च झाला आहे, अर्थात वाटेत काहीतरी शिरले आहे, असा त्याचा सर्वांत संभाव्य अर्थ निघतो.

जंतूंच्या तपासणीसाठीचा नमुना घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बाटली निर्जंतुक असावी लागते. पाण्यातील क्लोरीनने बाटलीतही जंतू मारत राहू नये, म्हणून तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. नळाचे तोंड स्वच्छ करून, पाणी काही मिनिटे वाहू देऊन, बोटांचा स्पर्श न होऊ देता बाटली भरावी लागते आणि ती बर्फाच्या पेटीतून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. तेथे १०० मिलिलिटर पाण्यात ई कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहत असल्यामुळे तो सापडणे ही पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण मानली जाते. जंतू वाढवून पाहण्यास निदान एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेले असते. म्हणूनच जागेवर घेतलेली क्लोरीनची चाचणी आणि तिच्या निकालावर तत्काळ कृती करणारा कर्मचारी यांची जागा प्रयोगशाळा घेऊ शकत नाही.

गळती शोधण्याचे साधन बहुतांशी कान हेच असते. दाबाखालचे पाणी छिद्रातून निसटताना जो आवाज होतो, तो साउंडिंग रॉड या पोलादी सळईचे एक टोक नळावर, झडपेवर किंवा जमिनीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला असता ऐकू येतो. दोन ठिकाणी संवेदक बसवून आवाज पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून गळतीचे अंतर काढणारी उपकरणेही वापरली जातात. ज्या शहरांत चोवीस तास पुरवठा असतो, तेथे हे काम मध्यरात्री करतात, कारण तेव्हा वापर आणि रहदारी दोन्ही कमी असतात, आणि त्या वेळी नळातून वाहणारे जवळपास सर्व पाणी गळतीचे आहे असे मानता येते. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात ही सवलत नाही; नळात दाब असेल तेवढ्याच वेळात, मग त्या वेळी रस्ता वाहनांनी भरलेला असला तरी, गळती ऐकावी लागते.

निरीक्षणाला तांत्रिक बाजूइतकीच सामाजिक बाजूही आहे. मुख्य नळावर थेट बसवलेला पंप शेजाऱ्यांचे पाणी तर ओढतोच, शिवाय नळात शोषण निर्माण करून बाहेरची घाणही आत घेतो. म्हणून तो शोधून काढणे हे न्यायाचे आणि आरोग्याचेही काम आहे. अधिकृत जोडणी नाकारली गेलेल्या वस्त्यांत पाणी लपवून ओढलेल्या नळ्यांतून येते. अशी नळी कोणत्याही नकाशावर नसते, तिची जाडी आणि सांधे कोणी तपासलेले नसतात, आणि तिच्या सदोषपणाची झळ अधिकृत ग्राहकांनाही लागते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, घर अनधिकृत असल्याच्या कारणावरून रहिवाशांना पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले, आणि २०२२ मध्ये महानगरपालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण स्वीकारले. या निर्णयांचे मोल हक्कापुरते सीमित नाही. जी जोडणी नोंदवहीत येते तिचीच पाहणी होऊ शकते, आणि म्हणून शहरातील सर्वांत वंचित वस्तीला नोंदीत आणणे हे संपूर्ण जाळ्याच्या शुद्धतेसाठी आवश्यक ठरते.

ग्रामीण महाराष्ट्रातही हेच तत्त्व निराळ्या रूपात रुजले आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरने, म्हणजे क्लोरीनयुक्त विरंजक चूर्णाने, पाण्याचे निर्जंतुकीकरण करतो, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीचा कठडा, टाकीची स्वच्छता, नळगळती, परिसरातील घाण आणि पावडरीचा साठा पाहून ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते; सलग पाच वर्षे जोखीम कमी राहून साथ उद्भवली नाही, तर चंदेरी कार्ड मिळते. तांत्रिक निष्कर्ष गावातील प्रत्येकाला कळेल अशा रंगात सांगण्याची ही पद्धत शहरांनी अनुकरण करावी अशी आहे.

चोवीस तास दाबाखाली राहणारा नळ हा या समस्येवरील मूलगामी उपाय आहे, हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने आणि २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्यायोग्य केल्याचे जाहीर करणाऱ्या ओडिशातील पुरीने दाखवले आहे. अशा व्यवस्थेत निरीक्षणाची गरज संपत नाही, उलट ती वाढते. कारण अखंड दाबामुळे प्रत्येक न सापडलेले छिद्र चोवीस तास गळू लागते, आणि मीटरची अचूक नोंद व गळतीचा सातत्याने शोध यांशिवाय दाब टिकवता येत नाही.

पाणीपुरवठ्यावरचा खर्च नवी धरणे, नवे बोगदे आणि नवी केंद्रे यांकडे सहज वळतो, कारण त्यांचे फलित मोजता येते. निरीक्षणाचे फलित न आलेल्या साथीत आणि न झालेल्या आजारात असते, आणि जे घडले नाही त्याचे श्रेय कोणत्याही अहवालात कोणाच्या नावावर मांडले जात नाही. या कामाला न्याय द्यायचा असेल, तर चावीवाल्याची रिक्त जागा केवळ बचतीची बाब मानणे थांबवले पाहिजे, निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याची झडपांविषयीची माहिती नकाशांवर उतरवून घेतली पाहिजे, आणि प्रत्येक विभागातील क्लोरीनच्या व जंतूंच्या चाचण्यांचे निकाल तेथील रहिवाशांना नियमितपणे वाचता आले पाहिजेत. आपल्या गल्लीतल्या पाण्याचा निकाल वाचू शकणारा नागरिक हा त्या निरीक्षकाचा सर्वांत भरवशाचा सहकारी ठरेल.